झाकलेल्या बाटलीतले द्राक्ष

बाटलीवरचे नाव झाकून, पेल्यातली वाइन नुसती हुंगून आणि चाखून ती कोणत्या द्राक्षाची हे सांगणारे लोक असतात. यात विद्या किती आणि अंदाज किती? अमेरिकेतल्या स्कपरनाँग या जुन्या वाणावर हे तपासणे सोयीचे आहे, कारण त्याचा वास लपत नाही.

स्कपरनाँग हे मस्कडाइन द्राक्षाचे फिकट, कांस्यवर्णी वाण. उत्तर कॅरोलायनातील एका नदीवरून त्याला हे नाव मिळाले. आपली नाशिकची द्राक्षे व्हिटिस व्हिनिफेरा या जातीची, तिच्या पेशींत ३८ रंगसूत्रे. मस्कडाइन म्हणजे व्हिटिस रोटुंडिफोलिया, हिच्यात ४०. आपण घड खुडतो. मस्कडाइनचे जाड सालीचे टपोरे मणी मात्र पिकले की एकेक गळून पडतात.

वासाचे रहस्य रसायनांत आहे. १९९७ साली मस्कडाइनच्या रसाचे पृथक्करण झाले, तेव्हा दोन संयुगे ठळक दिसली. एक फ्युरॅनिऑल, ते स्ट्रॉबेरीत आणि अननसातही असते व त्याला करपत आलेल्या साखरेचा वास येतो. दुसरे ऑर्थो-अमिनोअ‍ॅसिटोफेनोन, त्याचा वास उग्र, काहीसा रानटी. हे मिश्रण एकदा नाकात बसले की सहसा विसरत नाही. नावामुळे मस्कॅट द्राक्षाशी गोंधळ होतो, पण मस्कॅटचा सुवास गुलाबातल्या जिरॅनिऑलचा आणि धण्यातल्या लिनालूलचा आहे. काँकर्ड द्राक्षात मिथाइल अँथ्रॅनिलेट असते. ‘द्राक्षाच्या’ जांभळ्या गोळ्यांचा वास तो हाच!

म्हणजे मस्कडाइन ओळखता येईल. पण ते नेमके स्कपरनाँगच, असे कोणी छातीठोक सांगितले तर आम्ही सावध राहू. १९७० साली प्रसारित झालेले कार्लोस हे वाणही कांस्यवर्णीच आहे; शिवाय तिकडे कोणत्याही कांस्यवर्णी मस्कडाइनला लोक सर्रास स्कपरनाँग म्हणतात. पेल्यापेक्षा वेलीवरचे फूल अधिक सांगते. स्कपरनाँगची फुले केवळ मादी असतात, तर कार्लोसची द्विलिंगी. शेवटचा निवाडा डीएनएचा.

डोळेही फसवतात. बोर्दो येथे ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला.

मग परीक्षा कशी घ्यावी? तीन पेले ठेवावेत, दोनांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळे. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश. सहापैकी किमान पाच वेळा असे जमण्याची शक्यता १३/७२९, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. (हे गणित अकरावीच्या मुलांना जरूर घालावे.)

वर्गात अर्थातच वाइन नको. पिठीसाखरेत एकदा वेलदोड्याची, एकदा जायफळाची पूड कालवा. नाक दाबून, डोळे मिटून चाखताना मुलांना बहुतेक गोडीच कळेल. नाक सोडताच वास घशामागून वर चढतो आणि दोन्ही पदार्थ वेगळे होतात. तीन वाट्यांची परीक्षा त्यावरच घ्या, आणि उत्तरे मुलांना एकमेकांना न सांगता लिहू द्या.