पिवळी वायर

सप्टेंबरच्या शेवटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमधल्या मोटारी भरण्याच्या (रिवाइंडिंगच्या) दुकानात पाय ठेवायला जागा नसते. धान निसवायला आलेला असतो, नेमकी तेव्हाच पावसाने ओढ दिलेली असते. मग बोडीतलं (छोट्या तळ्यातलं) पाणी बांधीत (भातखाचरात) चढवता चढवता पंपांच्या मोटारी जळतात आणि सगळ्या इथे येऊन पडतात. काळी पडलेली तांब्याची वेटोळी आणि वार्निशचा वास, त्यात एका कोपऱ्यात मी माझी विजेची सायकल उलटी करून ठेवली होती.

सायकल उभी असताना मूठ पिळली की मागचं चाक घुर्र करून थरथरायचं आणि जागीच राहायचं. कधी मात्र काही झालंच नाही अशी सुरळीत निघायची. तीन आठवडे हे चाललं. जिथून घेतली तिथे फोन केला, तर सायकल न बघताच उत्तर आलं, "मोटार गेली, नवी बसवा." मला ते पटलं नाही. जळालेली मोटार मधूनच बरी कशी होईल?

दुकानदार तिशीतला, आयटीआय झालेला. त्याने मूठ पिळून आवाज ऐकला आणि लगेच म्हणाला, "गुरुजी, हे तं आपल्या पंपावानीच घुमते. एक फेज गेली असन." त्याचा अंदाज अनुभवातून आलेला होता. थ्री फेजच्या पंपाची एक फेज गेली की थांबलेली मोटार फिरत नाही, नुसती घुमते, आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. त्याच्या दुकानातल्या निम्म्या मोटारींची कहाणी हीच होती. सायकलच्या चाकातही तारेचे तीनच गट असतात. पण अंदाजावर तो थांबला नाही. मीटर काढलं आणि बॅटरीपासून सुरुवात केली.

३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरली की ती ४२ व्होल्ट दाखवते. माझी ३९.६ वर होती. मूठ पिळली तरी आकडा फारसा पडला नाही, म्हणजे बॅटरी ठीक. मग ब्रेक. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांत एकेक स्विच असतो, तो मोटारीची वीज तोडतो. चिखलाने तो अडकला की सायकल ढिम्म हलत नाही, आणि माणूस मोटारीला दोष देत बसतो. दोन्हीचे प्लग काढून पाहिले, फरक पडला नाही. मुठीतून निघणारा व्होल्टेज साधारण पाऊणपासून साडेतीनपर्यंत हळूहळू चढत होता. तीही निर्दोष.

आता मोटार. त्याने बॅटरी काढून बाजूला ठेवली (हे विसरू नये, या बॅटरीचा शॉर्ट फार वाईट) आणि मोटारीच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवल्या. चाक उलटं फिरवून पाहिलं. उलटंच का, तर या मोटारीत गिअर असतात आणि सुलटं फिरवलं तर आतली मोटार फिरतच नाही. चाक हलकं फिरलं. मग तीनपैकी दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली, तर चाक एकदम जड झालं, कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. दुसरी जोडी, तिसरी जोडी, प्रत्येक वेळी तेवढंच जड. तिन्ही वेटोळी शाबूत असल्याची ही खूण. एखाद्या जोडीला चाक हलकं राहिलं असतं, तर त्या वाटेवर तार तुटली असं समजायचं. टोकं सुटी असतानाच जड लागलं असतं, तर आत शॉर्ट.

"फेज तं तिन्ही हाये जी," तो म्हणाला. पहिला अंदाज चुकला हे त्याने सहज मान्य केलं. दुरुस्ती शिकलेल्या माणसाची मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

पंपाची मोटार आणि ही मोटार यांत एक मोठा फरक आहे. पंपाला तीन फेज खांबावरून तयार मिळतात. इथे बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी. तिचे तुकडे करून तीन वायरींना पाळीपाळीने देण्याचं काम कंट्रोलर करतो, आणि पाळी कोणाची हे ठरवायला आत फिरणारा चुंबक या क्षणी कुठे आहे ते त्याला कळावं लागतं. ते सांगायला आत तीन हॉल सेन्सर बसवलेले असतात. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये आढळलेल्या परिणामावर ते चालतात. त्यांच्या बारीक वायरी पाच: लाल, काळी, आणि निरोपाच्या पिवळी, हिरवी, निळी.

सगळं पुन्हा जोडून त्याने मीटरची सुई एकेका वायरीच्या प्लगमध्ये मागून खुपसली. मी चाक अगदी सावकाश उलटं फिरवू लागलो. हिरवी शून्य आणि पाच व्होल्टमध्ये खालीवर होत होती, निळीही तशीच. पिवळी मात्र पाचावर अडकलेली, चाक कितीही फिरवा.

तिथे मला माझ्या सायकलची लहर उलगडली. तीन सेन्सर, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. चाक फिरताना त्यांच्या खऱ्या जुळण्या सहाच होतात. तिन्ही हो किंवा तिन्ही नाही असं कधी होत नाही. पिवळी कायम हो म्हणू लागली की सहापैकी तीन जागी उत्तर बरोबर येतं, दोन जागी खोटं, आणि एका जागी तिन्ही हो, जे कंट्रोलरला अशक्यच वाटतं. म्हणजे मोटार कुठल्या जागी थांबली होती यावर ती निघणार की थरथरणार हे ठरत होतं.

पण सेन्सर मेला की वायर तुटली? मोटार उघडण्याआधी त्याने वायर बोटांनी चाचपत चाचपत नेली. अ‍ॅक्सलमधून ती बाहेर पडते तिथे, नटाच्या अगदी कडेला, जरा वाकवली आणि आकडा पाचावरून शून्यावर उडाला. वरचं काळं आवरण तिथे पिळलं गेलं होतं.

"इथं कोणी चाक खोललं होतं का जी?"

खोललं होतं. महिन्यापूर्वी चंद्रपूरच्या वाटेवर, जंगलातल्या टप्प्यात, बाभळीचा काटा लागला होता. पंक्चर काढणाऱ्याने चाक बसवताना दाताचा वायसर बाहेरच ठेवला आणि नट आवळला. मी शेजारीच उभा होतो, मलाही ते कळलं नाही. साध्या सायकलला तो वायसर नसला तरी चालतं. इथे मोटार चाकाला पुढे ढकलते तेवढ्याच जोराने अ‍ॅक्सलला मागे ढकलते. वायसरचा दात खाचेत नसेल तर अ‍ॅक्सल स्वतःच थोडा फिरतो आणि पोटातून जाणारी वायर पिळून टाकतो.

त्याने आवरण चिरलं, पिवळीचा तुटका भाग कापला, नवा तुकडा लावून डाग दिला आणि वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. हिरवीचंही आवरण खरचटलं होतं. तिथेही स्लीव्ह घातली. पाऊण तास लागला. पैसे त्याने पंपाचं साधं कनेक्शन जोडण्याइतकेच घेतले.

२५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या सायकलला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. आमच्यासारख्या भागाला हे वाहन म्हणूनच सोयीचं आहे. पण सर्व्हिस सेंटर म्हटलं की नागपूर, आणि भामरागडहून तर गडचिरोलीच दीडशे किलोमीटरच्या पुढे. पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. अशा ठिकाणी "मोटार बदला" हे उत्तर म्हणजे सायकल पडवीत गंजू द्या असं सांगण्यासारखं आहे. मोटारी भरणारा मात्र तालुक्याच्या गावी असतोच. फेज त्याला समजतात, मीटर त्याच्याकडे असतं. शिकायच्या राहतात त्या या पाच बारीक वायरी. आपल्या आयटीआयमध्ये पंपाच्या मोटारीशेजारी चाकातली एक मोटार उघडी करून ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे.

आणि तुमच्याकडे अशी सायकल असेल तर पंक्चर काढताना जवळ उभे राहा. नट आवळण्याआधी वायसरचा दात खाचेत बसलाय का ते स्वतः वाकून बघा. वायर अ‍ॅक्सलमधून बाहेर येते ते तोंड खाली ठेवा आणि ती थोडी लोंबती सोडा. पावसाचं पाणी मग वायरीवरून आत न शिरता खाली ठिबकून जातं.