कॅथलिक आणि मरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

2 नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईत असो वा वांद्र्यात, त्या दिवशी झाडूनपुसून साफ केलेल्या कबरींवर फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात, मृतांसाठी मिस्सा होते. एरवी मात्र मरणाविषयी घरात कुणी बोलत नाही. मग आईला अतिदक्षता विभागात हलवल्यावर किंवा शेजारच्या तरुण मुलाने जीव दिल्याचं कळल्यावर जो तो ऐकीव माहितीवर निर्णय घेतो. ‘चर्चला हे चालत नाही,’ असं कुणीतरी म्हणतं आणि दुःखात अपराधीपणाची भर पडते. पुष्कळदा ते म्हणणं खरंही नसतं.

गैरसमज : कॅथलिकांना दहन निषिद्ध आहे.

वस्तुस्थिती : 1886 मध्ये चर्चने दहनाला मनाई केली होती. त्या काळी युरोपातल्या काही मंडळींनी पुनरुत्थानावरचा विश्वास झिडकारण्यासाठी दहनाचा मुद्दाम प्रचार चालवला होता. मनाईचा रोख त्या नकारावर होता. 1963 मध्ये ती शिथिल झाली आणि 1983 च्या धर्मसंहितेत दहनाला स्पष्ट मुभा मिळाली. येशूला कबरीत ठेवलं होतं, म्हणून चर्च आजही दफन अधिक पसंत करतं. पण ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून दहन केलेलं नसेल, तर प्रार्थना, मिस्सा, सन्मान यांत काहीही उणं राहत नाही.

मुंबईत दफनभूमींना जागा पुरत नाही. काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवाव्या लागतात. तिथे दहनाचा विचार करणाऱ्या कुटुंबाने मनाला लावून घेऊ नये. बंधन आहे ते रक्षेबाबत. 2016 च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार रक्षा पाण्यात सोडू नये, वाऱ्यावर उधळू नये, तिचे दागिने करू नयेत. ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. गेलेल्या माणसाची आठवण फक्त घरच्यांपुरती उरू नये, सगळ्या समाजाने त्याच्यासाठी प्रार्थना करावी, हा त्यामागचा विचार.

गैरसमज : धर्मगुरू आजाऱ्याला तेल लावायला आले म्हणजे आशा संपली.

वस्तुस्थिती : या भीतीपायी कित्येक घरांत धर्मगुरूंना फार उशिरा बोलावलं जातं. हा संस्कार गंभीर आजाऱ्यांसाठी, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वयाने थकलेल्यांसाठीही आहे. आजार बळावला किंवा पुन्हा उलटला, तर तो पुन्हा घेता येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) त्याला ‘आजाऱ्यांचा संस्कार’ म्हणणं अधिक योग्य ठरवलं. मरणाच्या वाटेवर दिला जातो तो ख्रिस्तप्रसाद, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ आहे ‘वाटेची शिदोरी’.

गैरसमज : व्हेंटिलेटर काढणं म्हणजे जीव घेणं.

वस्तुस्थिती : पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की, जीव टिकवण्यासाठी असाधारण उपाय करत राहण्याचं बंधन नाही. उपचार निष्फळ, अतिशय जाचक किंवा मिळणाऱ्या लाभाच्या मानाने फार जड होत असतील, तर ते थांबवता येतात. ते मरण ओढवून आणणं नव्हे; मरण रोखणं आपल्या हातात नाही, हे मान्य करणं आहे. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं मात्र चर्चला मुळीच मान्य नाही. वेदना शमवणारी औषधं देता येतात, आणि अन्नपाणी, स्वच्छता, सोबत ही रोजची शुश्रूषा चालू ठेवायची असते.

गैरसमज : अवयव दिले तर पुनरुत्थानाच्या दिवशी शरीर अपुरं राहील.

वस्तुस्थिती : देव मातीतूनही माणूस उठवू शकतो, असं मानणाऱ्याला ही भीती नको. मृत्यूनंतरच्या अवयवदानाला चर्चची शिकवण उदात्त आणि पुण्यप्रद कृती मानते. अट एवढीच की, त्या माणसाची किंवा त्याच्या वतीने जवळच्यांची संमती हवी.

गैरसमज : आत्महत्या करणाऱ्याला चर्चमध्ये अंत्यविधी नाही आणि स्वर्गही नाही.

वस्तुस्थिती : सर्वात खोल जखम करणारा गैरसमज हाच. 1917 च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला अंत्यविधी नाकारण्याचं कलम होतं. 1983 च्या संहितेतून ते गेलं. आयुष्य ही देवाची देणगी आहे, ती आपण होऊन संपवू नये, ही शिकवण कायम आहे. पण 1992 चा धर्मशिक्षणग्रंथ पुढचंही सांगतो : तीव्र मानसिक आजार, यातना, भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा देवाला ठाऊक आहेत. चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं.

म्हणून अशा घरी जाल तेव्हा ‘का केलं?’ असं विचारू नका. मिस्सेला जा, जेवणाचा डबा न्या, पहिल्या वर्षदिनी पुन्हा जा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी मदतक्रमांक त्याला लावून द्या. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या समाजाने जिवंत माणसांचं आधी ऐकलं पाहिजे.