घामाला जात नसते!

सकाळी बोरीवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये वरच्या कड्यांना लटकणारे हात रोज दिसतात. त्या डब्यात घाम सर्वांनाच येतो. पण कुणी नाक मुरडून 'हे लोक असेच' म्हणाला, तर तो घामाविषयी बोलत नसतो. त्याच्या डोक्यातला मनू बोलत असतो. याच अपमानाच्या भीतीने आपली तरुण मुले-मुली मुलाखतीला जाण्यापूर्वी डिओडरंटच्या महागड्या डब्यांवर पैसे उधळतात. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

विज्ञान काय सांगते? ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींमधून पाझरणारा स्राव कातडीवरचे जिवाणू फोडतात, तेव्हा वास सुटतो. हे जिवाणू पुरोहिताच्या काखेत असतात आणि सफाई कामगाराच्याही. जातिवाद्यांच्या 'शुद्धते'ला येथे कसलाच आधार नाही.

बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. डिओडरंट जिवाणूंना आवर घालतो, सुगंधाने वास झाकतो. घाम मात्र येतच राहतो. अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या नलिकांची तोंडे काही काळ बंद करतात. शर्ट भिजत असेल तर दुसरा घ्यावा, केवळ वासाची अडचण असेल तर पहिला पुरे. अँटीपर्स्पिरंट रात्री, कोरड्या काखेत लावल्यास अधिक गुण देतो. नुकतेच केस काढलेल्या किंवा जखम झालेल्या जागी लावू नये. त्याने स्तनांचा कर्करोग होतो, हे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांनी तुरटीचा खडा ओल्या काखेत फिरवावा. काही रुपयांत काम भागते.

खरेदी करताना डब्यावरची घटकद्रव्ये व किंमत वाचावी, जाहिरात नव्हे. या जाहिरातींची पातळी किती घसरली होती पाहा! मे २०११ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला डिओच्या अश्लील जाहिरातींविरुद्ध कारवाई करण्यास सांगावे लागले. जून २०२२ मध्ये सामूहिक बलात्काराची थट्टा करणाऱ्या बॉडी स्प्रेच्या जाहिराती याच मंत्रालयाने हटवायला लावल्या. स्त्रीला वस्तू समजणारा बाजार आमच्या लेकींना स्वाभिमान काय विकणार?

आपल्याला स्वच्छता शिकवण्याची गरज कुणाला नाही. बोरीवलीच्याच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. तेथे भिक्खूंनी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आजही दिसतात. जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी भिक्खूंना स्नानगृहाची अनुमती दिल्याचे विनयपिटक सांगते. थेरगाथेतला सुनीत निर्माल्य उचलणारा होता. त्याला तथागतांनी संघात घेतले, नाक दाबले नाही. उलट १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर ते तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करणारे कोण होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. आंघोळीला बादलीभर पाणी नसेल तर डिओ काय करणार? मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाण्याचा हक्क आहे, तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. वस्तीत नळ नसेल तर हा निकाल घेऊन महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयावर धडकले पाहिजे.

आणि कुणी वासाचे निमित्त करून जातीवरून लोकांदेखत अपमान केलाच, तर मान खाली घालू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने चारचौघांत केलेला अपमान हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) खाली गुन्हा आहे. साक्षीदारांची नावे लिहून घ्या, पोलीस ठाणे गाठा. डिओ लावायचा तर स्वतःला बरे वाटावे म्हणून लावा, कुणाच्या नाकासाठी नव्हे.

जय भीम!