व्हिनायल की लॅमिनेट? फरशीवरून समजून घेऊ ‘कार्यात्मक व्याख्या’

पेट किंवा नेट-सेटचा अभ्यास करताना ‘कार्यात्मक व्याख्या’ आणि ‘सप्रमाणता’ हे शब्द आपण पाठ करतो. पण आराखडा लिहायला बसलं की गाडी अडते. म्हणून आज पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण घेऊ.

समजा, रत्नागिरीत तळमजल्यावर घर आहे. जुना सिमेंटचा कोबा आहे आणि त्यावर लाकडासारखं दिसणारं फ्लोअरिंग टाकायचंय. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार आहेत. दुकानदार दोन नमुने दाखवतो, लॅमिनेट आणि व्हिनायल प्लँक. तुम्ही विचारता, “यातलं जास्त टिकाऊ कोणतं?”

इथेच थांबा. ‘टिकाऊ’ म्हणजे नक्की काय?

आधी दोन्हींच्या पोटात काय आहे ते पाहू. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा कडक थर. व्हिनायल प्लँक पीव्हीसीचा असतो. त्यातल्या एसपीसी प्रकारात गाभ्यासाठी पीव्हीसीमध्ये चुनखडीची पूड मिसळतात. वरून पारदर्शक संरक्षक थर असतो.

आता मोजमाप. लॅमिनेटच्या खोक्यावर ‘एसी ३’, ‘एसी ४’ असं लिहिलेलं असतं. ईएन १३३२९ या युरोपीय मानकानुसार नमुन्यावर खरकागद लावलेली चाकं फिरवतात आणि किती फेऱ्यांनंतर छापील चित्र झिजायला लागतं ते मोजतात. व्हिनायलवर मात्र संरक्षक थराची जाडी दिलेली असते, १२ मिल, २० मिल अशी. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. २० मिल म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर.

मग ‘एसी ४’ भारी की २० मिल? या प्रश्नाला उत्तरच नाही. एक आकडा चाचणीचा निकाल आहे, दुसरा नुसती जाडी. दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आकडे शेजारी ठेवले म्हणून तुलना होत नाही.

यापुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. एसी रेटिंग हे विश्वसनीय माप आहे, पण ते झीज मोजतं. कोकणातल्या तळमजल्यावर फ्लोअरिंग झिजून जाण्याआधी ओलीने खराब होण्याची भीती जास्त. एचडीएफ पाणी शोषतो, कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. म्हणजे माप बरोबर, पण आपल्या प्रश्नासाठी सप्रमाण नाही. आपल्याला हवं ते माप ओलीने होणाऱ्या फुगण्याचं. त्या मापाने पाहिलं तर या घरासाठी एसपीसी व्हिनायल उजवं ठरतं.

पण ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ हीसुद्धा एक व्याख्याच आहे, आणि ती फक्त पट्टीपुरती आहे. पट्टी फुगणार नाही. सांध्यातून गेलेलं किंवा जमिनीतून वर आलेलं पाणी मात्र तिच्याखाली अडकून वास मारू शकतं. म्हणून आधी कोब्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा. आत थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला, तर ओलीचा बंदोबस्त आधी. आणि ही तपासणी पावसाळ्यात करा. मे महिन्यात घेतलेलं निरीक्षण जुलैबद्दल फारसं काही सांगत नाही. नमुना केव्हा घेतला, यावरही निष्कर्ष अवलंबून असतो, तो असा.

आता परिस्थिती बदलू. नागपुरात तिसऱ्या मजल्यावरची खोली, पश्चिमेला मोठी खिडकी, ओलीचा त्रास नाही. तापलेलं व्हिनायल प्रसरण पावतं आणि सांध्यांवर ताण येतो. तिथे लॅमिनेटचा विचार जरूर करा. वस्तू त्याच, पण उत्तर बदललं, कारण प्रश्न बदलला.

आता तुमचा आराखडा काढा. त्यात ‘प्रभावी’, ‘दर्जेदार’, ‘यशस्वी’ असं एखादं विशेषण नक्की सापडेल. त्याखाली रेघ मारा आणि तीन गोष्टी लिहा: कोणत्या परिस्थितीत, कशाने मोजणार आणि ते माप तुमच्याच प्रश्नाचं आहे का. तिसऱ्याचं उत्तर देता येत नसेल, तर प्रश्नावली छापायची घाई करू नका. चुकीची फरशी उखडता येते, पण गोळा केलेली माहिती वर्षभराने बदलणं फार जड जातं.