अलिबाग : पुनःपुन्हा पाहिलेलें गांव

एखादें गांव एकदां पाहून येणें ही सहल होय. तेंच गांव वर्षामागून वर्षें पाहत राहणें हा अभ्यास होय. बीड जिल्ह्यांतील आपणां सर्वांस समुद्र दूरचा. अहिल्यानगर, पुणें, खोपोली, पेण असा सुमारें ४०० किलोमीटरांचा मार्ग आक्रमावा, तेव्हां कोठें अलिबागचा किनारा दृष्टीस पडतो. गेल्या चाळीस वर्षांत आम्ही तेथें अनेक वेळां गेलों, आणि प्रत्येक खेपेस कोणी ना कोणी म्हणालेंच, "पूर्वींचें अलिबाग आतां राहिलें नाहीं!" या उद्गारांत तथ्य किती, याचा विचार येथें करूं.

जें बदललें नाहीं तें प्रथम पाहूं. गांवासमोर भर समुद्रांत कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं त्याचें बांधकाम हातीं घेतलें. पुढें तें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें एक प्रमुख ठाणें झालें. ओहोटीच्या वेळीं या किल्ल्यांत पायीं जातां येतें. भरतींत तोच किल्ला बेट होतो. भरती-ओहोटी चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळें घडते, आणि चंद्र पृथ्वीभोंवतीं पुढें सरकत असल्यामुळें भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं लांबते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येतें, व ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हां पाणी फारसें चढत नाहीं आणि फारसें उतरतही नाहीं. म्हणून तिथि न पाहतां गेलेल्या पाहुण्यास पुष्कळदां किल्ल्याचें दुरूनच दर्शन घ्यावें लागतें. कान्होजींच्या काळीं हा नियम होता, तसाच तो आजही आहे.

बदलली ती गांवीं पोहोंचण्याची वाट. पूर्वीं मुंबईहून आगबोटीनें रेवस बंदरास उतरून पुढें अलिबागेस जावें लागे. तो प्रवास मोठा रमणीय होता असें म्हणण्याची चाल आहे. पण १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, हें विसरतां येत नाहीं. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह माणसें नेणारी बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी व न्हावाशेवा यांस जोडणारा सुमारें २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. पाहुण्यास जुनी वाट गोड वाटते. परंतु घरचा आजारी माणूस मुंबईच्या इस्पितळांत न्यावयाचा असतो, त्यास नव्या वाटेचें मोल विचारावें.

तरीही या सोयीची किंमत गांवानें दिली आहे. किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळींच्या कित्येक वाड्यांच्या जागीं आज बंगले दिसतात. १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यांतील बांधकामांवर निर्बंध घातले. तरी मागणी थांबली नाहीं. समुद्राजवळ गोडें पाणी अति उपसलें म्हणजे विहिरींत खारें पाणी शिरूं लागतें, ही दुसरी चिंता. त्यांत ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें आणि असंख्य झाडें उन्मळून पडलीं. नारळाचें रोप फळास येण्यास कित्येक वर्षें लागतात. जमिनीचा पैसा मात्र तत्काळ हातीं येतो. अशा वेळीं वाडी विकणाऱ्यास दोष देणें सोपें आहे. पण विकत घेणारा कोण? "पूर्वींचें अलिबाग राहिलें नाहीं" असें हळहळणारा पाहुणाच बहुधा तो असतो!

मग बदलाचा न्याय करावा कोणीं? अलिबागेंतच याचें उत्तर सुचविणारी एक संस्था आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या विजेनें कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय निरीक्षणें बिघडतील हें जाणून तें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. १९०४ सालापासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत आहे. सुया विचलित होऊं नयेत म्हणून इमारतींत लोखंड वापरलेलें नाहीं. एकाच जागीं, एकाच रीतीनें, खंड न पाडतां केलेली नोंद, हेंच तिचें सामर्थ्य. पाहुण्याच्या आठवणी चार दिवसांच्या; त्याचें वय वाढतें, पाय थकतात, आणि स्वतःंतील फरकही तो गांवाच्या माथीं मारतो.

दुसरे साक्षी म्हणजे बेने इस्रायल लोक. यांचे पूर्वज नवगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवणारे ते 'शनवार तेली'. किहीमकर, पेणकर अशीं गांवांचीं नांवें त्यांनीं आडनांवें म्हणून धारण केलीं. १९४८ नंतर त्यांपैकीं पुष्कळ जण इस्रायलास गेले; अलिबागचें सभास्थान मात्र उभें आहे. ज्यानें गांवाचें नांव आपल्या नांवांत जपलें, त्याचें तेथें परत येणें हें नुसत्या पाहुण्याचें येणें नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय केवळ समुद्रकांठचा नाहीं. दरसाल दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. तुमच्यांतील कित्येकांस आपलेंच गांव असें पुनःपुन्हा सोडून पुनःपुन्हा पाहावें लागतें. त्या परतण्यांत शाळेचे महिने बुडतात, हें दुःख लहान नव्हे. पण सहा महिन्यांनीं परतलेल्या डोळ्यास जें दिसतें, तें रोज पाहणाऱ्यास सहसा दिसत नाहीं. त्या दृष्टीस वेधशाळेची शिस्त जोडा. गांवांतील एखादी विहीर निवडा. दर अक्षय्य तृतीयेस पाणी किती परस खोल गेलें तें दोरीनें मोजून वहींत तारखेसह मांडा. जे घरीं राहतात त्या वडील मंडळींनीं मधल्या महिन्यांचें माप घ्यावें. दहा वर्षांनीं कोणी म्हणेल, "पूर्वींचें गांव आतां राहिलें नाहीं." तेव्हां काय राहिलें नाहीं, केव्हां गेलें आणि कोणाच्या हातून गेलें, हें तुम्हांस वही उघडून सांगतां येईल.