झोपाळू नोंदयंत्र

समजा, शाळेमागच्या शेतात दहा सेंटिमीटर खोलीवर मातीचे तपमान पावसाळाभर कसे बदलते, हे तुम्हांला पाहायचे आहे. दर दहा मिनिटांनी एक नोंद. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस, म्हणजे एकूण १७,५६८ नोंदी झाल्या. वही घेऊन रात्री-अपरात्री शेतात कोण बसणार? तपमान मोजणारा संवेदक, सूक्ष्मनियंत्रक, स्मृती आणि घड्याळ एका डब्यात बसवले की हे काम होते. भाग बाजारात मिळतात. अडचण आहे ती विजेची, कारण तेथे आपल्यापाशी फक्त तीन पेन्सिल सेल!

चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता सुमारे २,००० मिलिअँपिअर-तास असते. म्हणजे १ मिलिअँपिअरचा प्रवाह २,००० तास मिळेल. (तीन सेल एकसर जोडले तर व्होल्ट तिप्पट होतात, ही क्षमता मात्र तेवढीच राहते.) विज्ञान प्रदर्शनांत दिसणारा आर्डुइनो उनो फलक नुसता चालू ठेवला तरी सुमारे ४५ मिलिअँपिअर घेतो. भागाकार करा: ४४ तास. सोमवारी सकाळी आठला लावलेले यंत्र बुधवारी पहाटे चारला बंद पडणार.

मग यंत्राला झोपू द्यावे! डीएस१८बी२० या संवेदकाला पूर्ण अचूकतेने तपमान मोजायला पाऊण सेकंद लागतो. नोंद लिहिण्यासह एक सेकंद धरू. उरलेले ५९९ सेकंद जागायचे कशाला? घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो (२ चा पंधरावा घात करून पाहा). तेवढे घड्याळ जागे ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी त्याने सूक्ष्मनियंत्रकाला उठवायचे.

आता हिशेब. जागेपणी १५ मिलिअँपिअर, पण ६०० सेकंदांत एकच सेकंद, म्हणून सरासरी ०.०२५. झोपेत सगळे मिळून ०.०१० धरू. बेरीज ०.०३५ मिलिअँपिअर. २,००० ला याने भागले तर साडेसहा वर्षे येतात. सेल आपोआपही थोडे उतरत जातात, तेव्हा एवढी वर्षे मिळणार नाहीत. पण पावसाळा नक्की निघतो.

मात्र फलकावरचा तो इवलासा दिवा पाहा, 'मी चालू आहे' एवढेच सांगणारा. तो समजा २ मिलिअँपिअर घेतो. बेरीज २.०३५ झाली आणि आयुष्य ४१ दिवसांवर आले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदी थांबल्या. ऐन पावसाळा त्या दिव्याने खाल्ला! शेतात तो पाहायला कोणी नसते, म्हणून काढून टाका. ७८०५ सारखा व्होल्ट-नियामक याहून वाईट. तो स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. एटीमेगा३२८पी ही चिप ८ मेगाहर्ट्झवर चालवली तर तीन सेलांचे साडेचार व्होल्ट तिला थेट चालतात. नियामक हवाच कशाला?

कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नका. सेल आणि यंत्र यांच्यामध्ये मल्टिमीटर एकसर जोडा. प्रथम मिलिअँपिअरचा टप्पा घ्या. यंत्र झोपल्यावर मायक्रोअँपिअरचा. दहा-वीस मायक्रोअँपिअर दिसले तर ठीक. शेकड्यांत दिसले तर एखादा भाग जागाच आहे. एकेक भाग सोडवून तो शोधा.

डबा घट्ट झाकणाचा घ्या व आत सिलिका जेलची पुडी ठेवा. तारेचे भोक तळाशी पाडा आणि तार भोकाखाली थोडी लोंबती ठेवून मग संवेदकाकडे न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न शिरता त्या झोळावरूनच ठिबकून जाईल.