झिलई यंत्राच्या आधारचकत्या व गाद्या

मोटारगाडीच्या रंगलेपावरील बारीक ओरखडे, धूसरपणा व पाण्याचे डाग घालविण्यासाठी विजेवर चालणारे झिलई यंत्र वापरतात. यंत्राच्या आसाला जोडलेल्या कडक वा निमकडक तबकडीला आधारचकती आणि तिच्यावर बसविलेल्या मऊ भागाला गादी म्हणतात. कारागिरांत बॅकिंग प्लेट व पॅड ही नावे रूढ आहेत. रबिंग कंपाउंडसारखे अपघर्षक मिश्रण गादीवर घेऊन ते रंगावर घासले जाते. यंत्राच्या शक्तीचा बराच बोलबाला होतो. परंतु ती शक्ती रंगापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचते, हे चकती व गादी यांवरच ठरते.

निवड महत्त्वाची ठरण्याचे कारण रंगलेपाची अल्प जाडी हे होय. आधुनिक गाडीच्या पत्र्यावरील सर्व थरांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा एक हजारावा भाग) असते व त्यांपैकी सर्वांत वरचा पारदर्शक थर सु. ३५ ते ५० मायक्रॉनच असतो. झिलई करताना ओरखडा भरून येत नाही. त्याच्या सभोवतालचा थर घासून खाली आणला जातो. त्यामुळे प्रत्येक वेळी थोडा थर कायमचा जातो आणि तो संपला की तो भाग पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कडा व उठावाच्या रेषा येथे थर मुळातच पातळ असून गादीचा दाबही तेथेच एकवटतो; म्हणून बहुतेक अपघात तेथेच होतात.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरात आले. फवारल्यानंतर ते निस्तेज दिसत असल्याने घासून चमक आणणे हा रंगकामाचाच एक भाग होता. कित्येक थरांच्या या लेपाला लोकरीची गादी मानवत असे. १९८०च्या सुमारास रंगथर व त्यावर स्वतंत्र पारदर्शक थर ही पद्धत प्रसार पावली, तेव्हा लोकरीने उमटविलेली वर्तुळाकार चिन्हे गडद रंगांवर उन्हात स्पष्ट दिसू लागली व फेसाच्या गाद्यांचे महत्त्व वाढले. या गाद्या ज्या पॉलियुरेथेनाच्या असतात, त्याचा शोध ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी जर्मनीत १९३७ मध्ये लावला होता.

यंत्राचा प्रकार : चकती निवडण्यापूर्वी यंत्राची गती समजून घ्यावी लागते. साध्या परिभ्रमी यंत्रात चकती केवळ आसाभोवती, बहुधा मिनिटाला ६०० ते ३,००० फेरे या वेगाने फिरते. दुहेरी गतीच्या यंत्रात आस उत्केंद्री असल्याने चकती लहान वर्तुळात हेलकावते आणि त्याच वेळी धारव्यावर (बेअरिंगवर) मोकळेपणाने स्वतःभोवतीही फिरते. हेलकाव्याच्या वर्तुळाचा व्यास यंत्रानुसार ८, १२, १५ किंवा २१ मिमी. असतो. दाब जास्त झाला वा पृष्ठभाग वक्र असला, तर हे स्वतःभोवतीचे फिरणे थांबते, गादी नुसती थरथरते व काम जवळजवळ होत नाही. चकतीच्या कडेवर पेनाने एक रेघ ओढून ठेवल्यास ती फिरत आहे की नाही, हे चटकन कळते. काही यंत्रांत दंतचक्रांद्वारे हे फिरणे सक्तीचे केलेले असते.

आधारचकती : परिभ्रमी यंत्राच्या आसाचे आटे भारतात व यूरोपात बहुधा १४ मिमी., तर अमेरिकेत ५/८ इंच असतात. दोन्ही माप जवळजवळ सारखे दिसले, तरी आटे एकमेकांत बसत नाहीत व जबरीने बसविल्यास आस बिघडतो. दुहेरी गतीच्या यंत्रात चकती बहुधा ८ मिमी. वा ५/१६ इंची आट्यांच्या बोल्टने घट्ट करतात.

व्यासाचा नियम असा की, चकती गादीपेक्षा थोडी लहान असावी. १२५ मिमी. चकतीवर सु. १४० मिमी. व १५० मिमी. चकतीवर सु. १६५ मिमी. व्यासाची गादी योग्य ठरते. चकती गादीएवढी असल्यास तिची कडक कड रंगाला लागते. फार लहान असल्यास गादीची कड फडफडते आणि दाब मध्यभागी साचतो. आरशाभोवतालचा भाग, दारांचे खांब व बंपर यांसाठी ७५ मिमी.ची चकती सोयीची असते. मात्र दुहेरी गतीच्या यंत्रातील प्रतिभार ठरावीक वजनाची चकती व गादी गृहीत धरूनच बसविलेला असतो. वेगळ्या वजनाची चकती लावल्यास कंपने वाढतात, हात बधिर होतात व धारवा लवकर झिजतो. म्हणून चकती त्या यंत्रासाठी सांगितलेलीच घ्यावी.

चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. लहान गॅरेजांत लोखंड कापण्याच्या अँगल ग्राइंडरलाच गादी लावण्याची प्रथा आढळते, ती घातक आहे. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या ग्राइंडरवर १५० मिमी. गादीच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ८६ मी. होतो, झिलई यंत्राच्या १,५०० फेऱ्यांना तो सु. १२ मी. असतो. अशा वेगाने रंग क्षणात जळतो व गादी निखळून माणसाला लागू शकते.

गादी चकतीला आकड्या-फासांच्या पट्ट्याने चिकटते. गोखरूसारख्या फळांच्या काट्यांवरून ही कल्पना स्विस अभियंते झॉर्झ द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये सुचली. प्लॅस्टिकच्या या आकड्या उष्णतेने मऊ पडतात. गादी मध्यावर बसली नाही किंवा यंत्र एकाच जागी दाबून धरले, तर आकड्या वितळून चकती निकामी होते. त्यामुळे दिवसभर काम करणाऱ्याने एक जादा चकती बाळगणे शहाणपणाचे ठरते. मध्यभागी भोक असलेल्या गादीतून ही उष्णता काहीशी निघून जाते.

गादी : लोकरीची गादी वेगाने कापते व तुलनेने थंड राहते, परंतु मागे धूसर चिन्हे ठेवते. पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंची गादीही चांगली कापते, पण लवकर तुंबते. फेसाची गादी घट्ट असेल तर कापण्यास, मऊ असेल तर अखेरची चमक आणण्यास उपयोगी पडते. पातळ गादी यंत्राची गती अधिक पोहोचविते. जाड गादी ती शोषून घेते व वक्र भागावर नीट बसते. गादीच्या रंगावरून तिचा कठीणपणा ठरविता येत नाही, कारण उत्पादकांत रंगांविषयी एकवाक्यता नाही.

लेपाचा कठीणपणा गाडीगणिक बदलत असल्याने बोनेटवर वीतभर जागेत प्रथम सर्वांत मऊ गादी वापरून पाहतात आणि ओरखडे न गेल्यासच पुढच्या कठीण गादीकडे वळतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता पसरत नसल्याने वेग व दाब दोन्ही कमी ठेवावे लागतात. निघालेला रंग व वाळलेले मिश्रण गादीत साचले की तीच नवे ओरखडे पाडू लागते. म्हणून दर भागानंतर ती नायलॉनच्या ब्रशाने वा दाबाच्या हवेने झाडतात आणि एका गाडीसाठी एकाच प्रकारच्या तीन-चार गाद्या जवळ ठेवतात. काम संपल्यावर त्या सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवितात.